गवताच्या पोटात शिरणारी नळी

मित्रांनो, विद्यापीठाच्या तबेल्यात, चाऱ्याच्या खोलीत खिळ्याला लटकलेली एक जुनी लोखंडी नळी दिसली तर ती मी. माझ्या टोकाला दाते आहेत. सुक्या गवताच्या गठ्ठ्यात मला फिरवत खुपसलं, की आतलं गवत माझ्या पोटात येतं. वरून हिरवं दिसणारं आतून बुरसलेलं असू शकतं, म्हणून तर लोहारानं मला घडवलं. संशय हाच माझा धंदा.

पूर्वी माझा फार रुबाब होता. गवताची गाडी आली की घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार म्हणायचा, "म्हातारीला विचारल्याशिवाय एक काडी आत घ्यायची नाही!" मग गवताबरोबर ते चांगलं असल्याचे छापील दाखले येऊ लागले. खिडकी मिटू नये म्हणून मला तिच्या फटीत अडकवून ठेवलं.

अशात एक मुलगी शिकायला आली. शेतीव्यवसाय आणि अश्वविज्ञान, दोन्ही एकदम. सकाळी वर्गात बाजारभाव, दुपारी इथं घोड्यांचे खूर. तिच्या प्रकल्पात दोन्ही विषय होते : हंगामात गवत स्वस्त असतं, तेव्हाच वर्षभराचं भरून ठेवायचं. सरांनी पाठ थोपटली. गवत तिच्याच मामानं पुरवलं. थप्पी तिनं स्वतः उभी राहून रचून घेतली, भिंतीला चिकटवून, बोटभरही जागा वाया न घालवता.

दोन महिन्यांत तबेल्यातली म्हातारी घोडी खोकू लागली.

"वय झालं तिचं," मोतद्दार म्हणाला.

"वय कसलं! मामानं खराब माल गळ्यात मारलाय," मुलगी म्हणाली.

मलाही तेच वाटलं. मामा फार मोठ्यानं हसायचा. अशा माणसांवर माझा भरवसा नसतो.

मामा शेवटची गाडी घेऊन आला, तेव्हा तिनं मला खिडकीतून उपसलं.

"अगं, सख्ख्या मामावर नळी रोखतेस?"

"मामा, तू बाजूला हो."

पुढचा गठ्ठा चांगला निघाला. "हा तू मुद्दाम पुढे ठेवला असशील," म्हणत ती गाडीवर चढली. तळाचा, मधला, कोपऱ्यातला, सगळे तपासले. एक काडी खराब निघेल तर शपथ!

मामा या वेळी हसला नाही. "झाली खात्री? आता तुझ्या थप्पीला लाव."

दुसऱ्याच दिवशी परीक्षकांपुढे प्रकल्प मांडायचा होता. "परवा बघते," ती पुटपुटली. ही मला पुन्हा खिडकीत कोंबणार, असा मला दाट संशय आला.

तेवढ्यात घोडी खोकली, चांगली लांबलचक. मुलगी थप्पीतले पुढचे दोन गठ्ठे ओढून काढून, अंग चोरून आत शिरली आणि भिंतीलगतच्या गठ्ठ्यात तिनं मला खुपसलं. मी बाहेर आले ती बुरशीची राखाडी भुकटी घेऊन. भिंतीची ओल आत मुरली होती.

"मामा, माझंच चुकलं रे."

"रडत बसू नकोस. आधी घोडीला मोकळ्या हवेत ने. मग ये खांदा लावायला, सगळी थप्पी हलवायचीय."

दुसऱ्या दिवशी तिनं तीच भुकटी परीक्षकांपुढे ठेवली. "माझ्या गणितात भाव होता, जागा होती," ती म्हणाली, "फक्त घोडीचं नाक नव्हतं."

घोडीचा खोकला हळूहळू कमी झाला. पुरता मात्र गेला नाही.

मित्रांनो, मुक्या जनावराला बोट दाखवता येत नाही. त्याच्या वतीनं संशय घ्या, जरूर घ्या. पण पहिलं भोक आपल्याच गठ्ठ्याला पाडा.