अख्खा कालाकुक्को

काळसर पिठाच्या जाड पारीत मासे भरून रात्रभर मंद भट्टीत ठेवलेला कालाकुक्को हेल्लेवीने सकाळी बाहेर काढला. चांगला दोन किलोंचा होता. दुपारी तिची थोरली बहीण आउने जेवायला येणार होती, आणि आउनेची जीभ दोन्ही अर्थांनी तिखट, चवीलाही आणि बोलायलाही.

"भूक लागली तर घे रे," असं जावयाला सांगून हेल्लेवी केस करून घ्यायला कुओपिओ शहरात गेली.

जावई दुआर्ते पोर्तुगालचा. त्याला फिन्निश बोलायची भारी हौस. शब्द त्याला झटपट यायचे, पण शब्दाच्या शेपटाला हाताला लागेल तो प्रत्यय चिकटवून तो मोकळा व्हायचा. हेल्लेवीचा नवरा ताउनो म्हणायचा, "पोराचे शब्द येतात वेळेवर, फक्त बूट दुसऱ्याचे घालून येतात."

हेल्लेवीच्या केसांना रोलर लावलेले असतानाच दुआर्तेचा फोन आला.

"आई, मी कालाकुकोन खाल्ला. फार छान होता."

हेल्लेवीने रोलर बाजूला सारून फोन कानाला नीट लावला. 'कुक्कोआ' म्हणाला असता, तर त्याचा अर्थ त्यातला थोडासा खाल्ला. 'कुकोन' म्हणजे अख्खा, चुराही शिल्लक नाही.

"कुकोन?" तिने विचारलं.

"हो, कुकोन," तो अभिमानाने म्हणाला.

"आणि तब्येत कशी आहे तुझी?"

"मस्त. आता जरा फिरून येतो."

दोन किलो खाऊन हा फिरायला निघालाय. हेल्लेवीला राग आला, पण आतून गुदगुल्याही झाल्या. इतक्या वर्षांत ताउनोने तिच्या हातच्या खाण्याला अशी दाद कधी दिली नव्हती. आता आउनेसमोर काय ठेवायचं? डोकं अर्धवट ओलं ठेवूनच ती बाजारात गेली, विकतचा कालाकुक्को घेतला आणि विकणाऱ्या बाईला म्हणाली, "कागद नको, ह्या फडक्यात गुंडाळ, घरचा वाटायला हवा."

घरी येऊन बघते तर टेबलावर तिचा कालाकुक्को जागच्या जागी. कडेचा तळहाताएवढा तुकडा तेवढा गेलेला.

"जावयाने अख्खा खाल्ला म्हणे," ती ताउनोला म्हणाली.

"त्याने? तो वरची पारीच खरवडत होता. मासे मी काढून दिले."

फडकं लपवायला तिला वेळ मिळाला नाही. आउने दारातच उभी होती.

"दोन दोन? एवढी भुकेली दिसते का मी?" म्हणत तिने फडकं उचललं आणि नाक पुढे केलं. "हा बाजारातला."

हेल्लेवीला सगळं सांगावं लागलं. आउने हसून हसून खुर्चीत बसली. तेवढ्यात दुआर्ते फिरून आला, तर तिने त्याला बसवलं आणि शिकवायला घेतलं. ताटात काही उरलं तर कुक्कोआ, ताट चाटून पुसून ठेवलं तर कुकोन.

"म्हणजे मी खोटं बोललो?" दुआर्तेचे कान लाल झाले.

"अजून खरं करता येईल," ताउनो म्हणाला आणि सुरी त्याच्यापुढे सरकवली.

दुआर्तेने मनापासून प्रयत्न केला. चौथ्या तुकड्यानंतर त्याने पट्टा सैल केला, पाचव्याला हात जोडले. आउनेने दोन्ही कालाकुक्को चाखून बाजारातल्यात मीठ बरोबर पडलंय असं जाहीर केलं. हेल्लेवीने कॉफीची किटली आदळूनच शेगडीवर ठेवली. आउने निघाली तेव्हा मात्र तिने विकतचा उरलेला कालाकुक्को फडक्यासकट बहिणीच्या पिशवीत कोंबला, आणि घरचा जावयाच्या नाश्त्यासाठी झाकून ठेवला.