अर्धी गोळी आणि पिंपळीचा काढा

माझं डोकं मुळातच तापट. त्यात डॉक्टर शेषाद्रींनी अप्पांच्या पायाच्या जखमेचा रिपोर्ट समोर ठेवला. महिन्यापूर्वी ज्या गोळीनं जंतू मरत होते, त्याच गोळीला ते आता भीक घालत नव्हते. "गोळ्या नीट घेतल्या ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय!" मी फणकारले. असल्याच मुजोर जंतूंवर माझं संशोधन चालतं. पिंपळीतला अर्क औषधाच्या जोडीला दिला, की ते कसे नमतात ते मी रोज बघते. आमच्या घरात हलगर्जीपणा होईल?

आई शेजारीच बसली होती. "वेळेवर दिल्या," ती म्हणाली. "अर्धी-अर्धी."

"अर्धी?"

"सोबत पिंपळीचा काढा, न चुकता. उग्र गोळ्यांनी त्यांचं पोट जळतं गं."

मी ताडकन उठले. "अय्यो, आई! अर्ध्या गोळीनं जंतू मरत नाहीत, निर्ढावतात! माझा अर्क काचेच्या बशीत, थेंब मोजून. तुझा काढा त्याच्या जवळपास तरी जातो का? कुणी सांगितलं तुला हे? नाव सांग, त्याची चामडी लोळवते!" बाहेरच्या बाकांवरची माणसं डोकावून बघायला लागली.

आईनं फोन काढला. आम्ही तंजावरकडचे. मराठी बोलतो सगळे, लिहिता एकालाही धड येत नाही, त्यामुळे घरच्या ग्रुपवर सगळा कारभार आवाजी. तिनं एक जुना निरोप लावला.

"ऐका, ऐका! आज प्रयोग फत्ते!" फोनमधून मीच खिदळत होते. "पिंपळी जोडीला असली, की अर्ध्या औषधात काम!"

माझाच आवाज. बशीतल्या जंतूंबद्दल बोलतेय, एवढं एक वाक्य मी जोडलं नव्हतं.

"येईल त्याला हे ऐकवायचे तुझे अप्पा," आई पुटपुटली.

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. पाय घोट्यापासून काढावा लागणार होता. अप्पांना मीच सांगते म्हटलं आणि त्यांच्या खोलीत गेले. काय तोंडानं सांगणार होते, देव जाणे.

मला बघून अप्पांचा चेहरा फुलला.

"जयवंती, बरी आलीस. या डॉक्टरांना जरा तुझं संशोधन समजावून सांग गं. बिचारे अजून पूर्ण गोळी लिहून देतात."