के म्हणजे चावी

चिमाजी चार वाजता टेम्पो घेऊन मोटार न्यायला येणार होता. सकाळचे अकरा वाजले तरी मोटार जाऊन तिच्या जागी घरात नेमकं काय येणार, हे द्रौपदाला कोणी धड सांगितलं नव्हतं.

मोटार पिठाच्या गिरणीची. गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली होती, पण बटण दाबलं की मोटार अजून हुंकार द्यायची. द्रौपदा दर रविवारी ती तेलाच्या फडक्यानं पुसायची. भिंतीवरच्या जयवंताच्या फोटोला एवढ्या वेळा फडकं लागत नव्हतं. पण नवरा झाला म्हणून काय, जयवंतानं कधी दिवसाला पन्नास पायल्या थोड्याच दळल्या होत्या?

पंच्याऐंशी साली तिनं गिरणी टाकली तेव्हा वाडीतल्या निम्म्या बायका म्हणाल्या होत्या, बौद्धवाड्यातलं पीठ आमच्या देवाला कसं चालंल? पुढं चिमाजीच्या गिरणीतून पिठाबरोबर दगडाची कच यायला लागली आणि महिन्याभरात त्याच बायकांचे डबे द्रौपदाच्या दारात रांगेला लागले. देवानं काही तक्रार केल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. तेव्हापासून चिमाजीचा तिच्या मोटारीवर डोळा होता.

आता नातीला, प्रज्ञाला, ॲनिमेशनच्या कामासाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता. म्हणून दोघी ओतूरला, एसटी स्टँडमागच्या गोकुळच्या दुकानात आल्या होत्या. गोकुळनं काउंटरवर दोन डबे ठेवले. रंग तोच, आकडा तोच, फक्त एकाच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘के’ होता.

“ह्या दोन प्रोसेसरांत फरक काय?” द्रौपदानं विचारलं.

“एका अक्षराचा, आजी,” गोकुळ म्हणाला.

“आन् पैशाचा?”

“तो जरा जास्त अक्षरांचा.”

साधा घेतला तर प्रज्ञाच्या शिकवण्यांच्या पैशांत बसत होता. ‘के’वाला घ्यायचा तर मोटार चिमाजीच्या टेम्पोत चढणार होती. मोटार विकायची गोष्ट द्रौपदानंच काढली होती, तीही जेवताना, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज. त्या रात्री तिला झोप लागली नव्हती, हे वेगळं.

“आजी, ‘के’वाला ओव्हरक्लॉक करता येतो,” प्रज्ञा म्हणाली. “कंपनीनं ठरवून दिलाय त्याहून जास्त वेगानं पळवायचा. साध्याचा वेग कुलूपबंद असतो. ‘के’वाला अनलॉक.”

“म्हंजे मोटारीची पुली बदलायची. मोठी पुली, जास्त फेरे.”

“अगदी तस्संच!”

“साध्याची पुली वेल्ड केल्याली, आन् ह्याची चावी, पुलीतली पाचर, काढली की निघती. के म्हंजे चावी. एवढं सांगाया तुला चार दिस लागले व्हय?”

गोकुळ हसला. “आजी, तुम्हीच बसा दुकानात. बांधू का मग ‘के’वाला?”

“थांब. फेरे वाढले की पीठ गरम येतंय, जळका वास मारतंय. त्याचं काय?”

“त्याला मोठा पंखा घेतलाय,” प्रज्ञा म्हणाली.

“बरं. आन् ही मोटार बसवायची कशावर?”

“मदरबोर्डवर. तो आणलाय मी. खोडदच्या समाधानदादानं वापरलेला दिला.”

“मग त्या मदरला रेल हायती का?”

गोकुळ हसायचा थांबला आणि उगाच डबा पुसायला लागला. द्रौपदानं ते बरोबर पाहिलं. तीस वर्षं दळण घेतलेल्या बाईला कोणाच्या डब्यात काय आहे हे झाकण न उघडता कळतं.

“कसल्या रेल?” प्रज्ञानं विचारलं.

“मागं एका येड्या बाईनं मोटारीला मोठी पुली आणली. तालुक्याला जाऊन, मिरवत. तर जुना पट्टा चढंना. लांब पट्टा आणला, तर तो लोंबाया लागला. मोटार मागं सरकवली आस्ती तर ताणला आस्ता. पण मोटार बसवल्याली सिमिटात! सरकायला रेलच न्हाईत. पुली निघून उपयोग काय? खालचं बूड बी सरकाया पायजे.”

प्रज्ञानं समाधानला फोन लावला.

“दाद्या, तुझ्या बोर्डावर ओव्हरक्लॉक होतं का रे?”

“त्याच्यावर? नाय गं. चालतो लई भारी, पण वेगाला हात लावू देत नाय. त्याला वरचा बोर्ड पायजे. का गं?”

“काही नाही,” म्हणून तिनं फोन ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तरी ‘के’वालाच घेऊन ठेवा,” गोकुळ म्हणाला. “पुढंमागं बोर्ड बदलला की कामाला येईल.”

“पुढंमागं कामाला यील म्हणून माझ्या सासूनं माझ्या नवऱ्याला जपून ठेवला व्हता,” द्रौपदा म्हणाली. “मला मिळाला तवा त्याची वॉरंटी सरली व्हती. साधाच बांध.”

हा सगळा तपास तिनं पोरीसाठी केला की मोटारीसाठी, हे कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सुदैवानं कोणी विचारलं नाही. प्रज्ञानं फक्त हिशेब मांडला, की साध्यावर रात्री लावलेलं चित्रांचं काम पहाटेऐवजी सकाळच्या चहाला होईल. “तेवढं चालतंय,” द्रौपदा म्हणाली, “मी तरी पहाटं कुठं चित्रं बघाया बसतीया?”

स्टँडवर बाकड्यावर बसून तिनं चिमाजीला फोन लावला. फोन कानाला लावायचा असतो हे तिला कधीच पटलं नव्हतं. ती तो आरशासारखा तोंडापुढं धरायची आणि स्पीकर चालू करायची.

“चिमाजीभाऊ, टेम्पो आणू नगंस. मोटार द्यायची न्हाई.”

“का गं? पोरीचं ते मशीन?”

“साधंच घेतलं.”

पलीकडे म्हातारा असा हसला की बाजूच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

“द्रौपदा, परत पट्टा लोंबला व्हय गं?”

द्रौपदानं फोन झटकन पालथा केला. प्रज्ञा तिच्याकडे टक लावून बघत होती.

“आजी, ती येडी बाई कोण होती?”

“बस लागली बघ,” द्रौपदा उठत म्हणाली. फलाटावर एकही बस नव्हती.