कबुलीचं फूल

फूल उमलायला लागलं तशा वॉर्डातल्या झाडून साऱ्या बायका स्टुलाभोवती जमल्या. ज्यांना उठायची मनाई होती त्या उठल्या, ज्यांची पोरं अंगावर पीत होती त्या पोरांसकट आल्या, आणि शिपायाची बायको तर सलाईनची बाटली स्वतःच उंच धरून आली. स्टुलावर चिनीमातीचा वाडगा होता. वाडग्यात मुठीएवढा वाळका, नुसत्या काटक्यांचा गोळा. फूलमावशीने वरचा हातरुमाल उचलला आणि गोळ्याची एकेक काटकी सावकाश बाहेर वळू लागली.

"बघा गं, बघा! खरं बोलली आणि सुटली!" फूलमावशी ओरडली.

सुटलेली बाई गवंड्याची बायको. जावेची नवी शाल इस्त्रीने आपणच जाळली आणि आळ मोलकरणीवर घातला, असं तिने नुकतंच कळा देता देता कबूल केलं होतं. लगोलग तिला आत नेलं आणि ती बाळंत झाली. तिचं हे तिसरं बाळंतपण होतं. तिसऱ्या खेपेचं मूल कुठल्या फुलाची वाट बघत बसत नाही, पण हे सांगणार कुणाला? सोबतीला आलेली जाऊ मात्र मूल हातातही न घेता तरातरा निघून गेली.

"हे साधंसुधं फूल नाही गं बायांनो," फूलमावशीची टकळी सुरू झाली. "हे वाळवंटातलं. वर्षानुवर्षं मेलेलं राहतं नि पाण्यात घातलं की जिवंत होतं. बाईच्या पोटात अडलं की याच्या पोटात अडतं. पोटात पाप असलं की फूल गप्प. पाप ओकलं की फूल मोकळं, फूल मोकळं की बाई मोकळी! मी कोण? मी नुसती पाणी घालणारी."

इस्पितळात ती नोकरीला नव्हती, आणि पैसेही घेत नसे. हेच तिचं भांडवल. गावातल्या सासवा तिला घरी बोलावून पाट मांडत, कारण वर्षभर कान लावूनही सुनेच्या पोटातलं जे कळत नाही ते या बाईच्या वाडग्यात एका दिवसात कळत असे.

मी शाळेत शिकवते. जिभेला धार आहे, असं माझ्याबरोबरचे शिक्षक म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या दिवशी मी टाके घातलेल्या अवस्थेत, दाराजवळच्या खाटेवर, शेजारी माझा नवा कोरा मुलगा घेऊन पडले होते. कळांची खोली आणि आमचा वॉर्ड यांच्यामध्ये अर्धी भिंत आणि वर नुसता पडदा. त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि पडदा आखूड असल्याने बरंचसं दिसायचंही.

खरं सांगायचं तर फूलमावशी नसती तर त्या जागी दुसरी कुणीतरी उगवलीच असती. आमची सिस्टर कळा देणाऱ्या बाईला म्हणायची, "ओरडू नकोस, जगावेगळं काही करत नाहीयेस." डॉक्टरीणबाई यायच्या, तपासायच्या, किती उघडलंय ते सिस्टरला सांगायच्या आणि निघून जायच्या. जिचं उघडायचं तिला कुणी काही सांगत नसे. अख्ख्या इस्पितळात "अगं बाई माझे" म्हणून बोलणारी आणि कपाळावर ओला हात ठेवणारी एकटी फूलमावशी. तो हात फार बरा वाटायचा. मलाही वाटला, का नाकारू?

माझ्या वेळी तिने मला एवढंच विचारलं होतं, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. नवरा बाहेर बसलाय. सासू जाऊन बरीच वर्षं झाली."

तिने लगेच वाडग्यातलं पाणी ओतून दिलं, थर्मासमधलं मंतरलेलं पाणी घातलं, दृष्ट लागू नये म्हणून रुमाल झाकला आणि फूल पटकन उमललं. मला एका शब्दाचंही पाप कबूल करावं लागलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्यासारख्या बाईच्या पोटात पाप नाही असं ज्या फुलाला वाटतं, ते फूल एकतर मूर्ख असलं पाहिजे किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून वागणारं.

गवंड्याची बायको बाळंत झाली आणि तिच्या जागी कापडवाल्याची सून आली. पहिलटकरीण, अंगाने काडी. सासू बरोबर होती, नवरा बाहेरच्या बाकावर. कळा आदल्या दिवसापासूनच्या, आणि आता पोरीच्या ओरडण्यातही जोर उरला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि या वेळी मात्र त्या सरळ सासूशी बोलल्या. "मूल अडकलंय. ठोके मंदावताहेत. ऑपरेशन करायला हवं, आत्ता. सही करा."

"आमच्या घरात आजवर कुणाचं पोट फाडलेलं नाही," सासू म्हणाली. "जरा थांबा. फूल उमलू दे. आपोआप होईल."

डॉक्टरीणबाईंनी कागद पोरीपुढे धरला. "तू कर सही. तुझी चालते."

पोरीने कागदाकडे नाही, सासूकडे बघितलं. "आईंना विचारा," म्हणाली.

"मी ऑपरेशनची तयारी करायला सांगते. तोवर ठरवा!" असं ओरडत डॉक्टरीणबाई धावल्या. सिस्टर त्यांच्यामागे. आणि फूलमावशी स्टूल घेऊन पुढे सरकली.

फूल उमलेना.

"काहीतरी आहे," फूलमावशी म्हणाली. "बोल बाई माझे. बोललीस की सुटलीस."

"आईंची काचेची बरणी... माझ्या हातून फुटली. मी मांजरावर ढकललं."

फूल गप्प.

"बरणीने मूल अडत नाही गं," सासू म्हणाली. तिचा आवाज गोड झाला होता. "आणखी काय?"

"मी माहेरी आईजवळ तुमची निंदा केली."

सासूने मान डोलावली. हे तिला माहीत होतं. फूल अजून गप्प.

मी खाटेवरून ओरडले, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना? सही करा आधी! पोरगी मरेल!"

"तुमचं झालं ना बाळंतपण? मग गप पडा," सासू म्हणाली. आमच्या बाजूच्या चारसहा बायकांनीही मलाच दटावलं. खेळ बघायला आलेल्या माणसाला मध्येच कुणी दिवा घालवला की येतो तसला तो राग होता.

"पोटातलं आहे, बाई माझे," फूलमावशी हळूच म्हणाली. "अगदी पोटातलं. मुलाबद्दलचं."

"मुलाबद्दल काही नाही हो..."

"मग का उमलत नाही?"

"मला नाही माहीत. आई, मला सोडा. सही करा हो."

"आधी सांग. कुणाचं आहे?" सासूने विचारलं.

आता गोडवा नव्हता. पोरीला पुन्हा कळ आली. ती संपेपर्यंत सासू वाकून उभी होती आणि कळ ओसरल्यावर तिने तेच विचारलं. पुन्हा कळ, पुन्हा तेच. किती वेळा ते मी मोजलं नाही. मी टाके धरून खाटेवरून उतरत होते आणि माझे पाय मला उचलत नव्हते.

"ह्यांचं नाही," पोरगी शेवटी म्हणाली. "नाही ह्यांचं. झालं? आता सोडा."

फूलमावशीने पाणी बदललं, रुमाल झाकला, काढला. फूल उमललं. असं सुरेख उमललं की बायकांनी हात जोडले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई स्ट्रेचर घेऊन आल्या. "ठरलं का?"

सासूने खांद्यावरचा पदर नीट केला. "आमचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "कापा, नाहीतर ठेवा." आणि बाहेर लेकाला सांगायला गेली.

नातू होता तोवर पोट फाडू देणार नव्हती. परक्याचं ठरल्याबरोबर तिची हरकत संपली. मग पोरीने स्वतःच सही केली आणि तिला आत नेलं.

सगळा घोळका स्ट्रेचरमागे दारापर्यंत गेला, फूलमावशी सर्वांत पुढे. मी कशीबशी कळांच्या खोलीत पोचले. स्टुलावर वाडगा तसाच होता. मी त्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. पाणी चांगलंच गरम होतं. बघत उभी राहिले तसं ते निवत गेलं, आणि वर दुधावर धरते तशी पातळ, पांढरी साय धरली. नखाने खरवडली, बोटांत चोळली. मेण. शुद्ध मेणबत्तीचं मेण.

पोरांना मी दरवर्षी दाखवते: कागदावर मेणबत्ती घासा आणि वर पाणी टाका, कागद भिजत नाही. फूलमावशीची पिशवी खाटेखाली होती. आत तसलेच पाचसहा गोळे, सगळे तुकतुकीत. तिथे चहावाला रोज किटली घेऊन यायचा. मी त्याला हाक मारली आणि नुसतं उकळतं पाणी मागितलं.

बायका परत आल्या तेव्हा माझ्यासमोर दोन पेले होते. एकात मी नळाचं थंड पाणी घालून गोळा टाकला. "सांगा," मी म्हटलं, "कुणाला पाप कबूल करायचंय का?" कुणी बोललं नाही. गोळाही हलला नाही. दुसऱ्यात तसलाच गोळा टाकला आणि वर किटली ओतली. पाण्यावर मेणाचे डोळे तरंगले आणि काटक्या पसरायला लागल्या.

"हे झुडूप मेलेलं आहे," मी म्हणाले. "जिवंतबिवंत काही होत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं तशा याच्या काटक्या पाण्याने फुगतात आणि उघडतात. मेण लावलं की पाणी आत जात नाही. गरम पाण्याने मेण वितळलं की जातं. थर्मास हिच्या हातात. कुणाचं फूल कधी उमलायचं ते ही ठरवते. जिच्या उशाशी ऐकायला कुणी नसतं तिचं लगेच उमलतं. माझं उमललं तसं."

गवंड्याची बायको मागे झोपली होती. ती एकदम हुंदके देऊन रडायला लागली. शाल तिने खरंच जाळली होती.

फूलमावशी मात्र रडली नाही, पायाही पडली नाही. पिशवी काखोटीला मारून म्हणाली, "मी कुणाला कधी काय विचारलं? मी म्हणायचे, बोल. विचारणाऱ्या तुम्ही. तुम्हाला ऐकायचं होतं तोवर मी देवमाणूस होते." सिस्टरने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. बाईने आयुष्यात बोललेलं तेवढंच खरं असावं, आणि ते ऐकून एकही सासू खाली मान घालताना मला दिसली नाही.

कापडवाल्याच्या सुनेला मुलगी झाली. जिवंत होती, पण उशीर झाला होता. रडली नाही, निळी पडली होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मेंदूला किती धक्का बसलाय ते मोठी होताना कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग तिचा नवरा आईला घेऊन आत आला. त्याला मी पेले दाखवले, मेण दाखवलं. माणूस शिकलेला होता, लगेच समजला. "फूल खोटं, मान्य," तो म्हणाला. "पण ती बोलली त्याचं काय? खोटं कशाला बोलेल?"

"हात बघू तुमचा," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला. मी त्याची करंगळी धरली आणि मागे वाकवली. खडू धरून धरून माझ्या बोटांना बरीच ताकद आहे.

"ओय! काय करताय?"

"हे पोर कुणी जन्माला घातलं? तुम्ही?"

"सोडा! वेड लागलंय का?"

मी आणखी वाकवली. "तुम्हीच घातलंत ना?"

"हो! हो, मीच! मीच घातलं! सोडा!"

सोडली. "ऐकलंत ना सगळ्यांनी?" मी म्हणाले. "यांनी कबूल केलंय. एका करंगळीत. तिचं तर अख्खं शरीर त्या बोटासारखं वाकलं होतं, आणि सोडणारं कुणी नव्हतं."

वॉर्ड खदखदून हसला. तोही ओशाळून हसला. मला वाटलं, जिंकले. आईकडे वळून तो म्हणाला, "आई, त्या म्हणतात ते बरोबर आहे."

"असेल," सासू म्हणाली. "पण एवढ्या बायकांनी ऐकलं त्याचं काय करायचं?"

दोघं काचेच्या पेटीशी जाऊन उभी राहिली. सिस्टर जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "बघा, नाक अगदी तुमचंच आहे."

"नाकाचं काय," तो म्हणाला, "कुणाचंही कुणासारखं असतं. त्यावरून काय सिद्ध होतं?"

काटक्यांच्या गोळ्यापुढे दिलेली कबुली ज्याने बिनतक्रार मानली, तो माणूस नाकाच्या बाबतीत पुरावा मागत होता. दोघं निघून गेली. मला इस्पितळातून घरी सोडेपर्यंत तरी ती परत आली नाहीत.

पोरगी शुद्धीवर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मेण, थर्मास, किटली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी काहीच बोलले नसते, तरी तिने पाणी घातलं असतं?"

"कधीतरी घातलंच असतं."

"मग मला कुणीतरी आधी का नाही सांगितलं?"

म्हणून हे लिहिते आहे, आधी सांगायला म्हणून. फूल उमलायला गरम पाणी पुरतं, बाईची सुटका करायला डॉक्टर लागतो. या दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ज्याला चमत्कार दिसेल त्याने आधी वाडग्यात बोट घालून बघावं. कळा देणाऱ्या बाईचा हात धरा, तिच्याशी गोड बोला, नाहीतर ते काम करायला कुणीतरी थर्मास घेऊन येईलच. आणि ती विव्हळत असताना तिला काही विचारू नका. त्या वेळी ती जे सांगेल ते तिचं नसतं, तुम्हाला हवं असलेलं असतं.