चाळीस पावलं

बेल वाजली तेव्हा मास्तर काठी दारामागे लपवत होते. ती नीट उभी राहिली याची खात्री करून त्यांनी डाव्या हाताने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"अहो, काठी कुठंय?" बायको हात पुसत बाहेर आली.

"असेल कुठेतरी. दार उघड आधी. ताटकळत ठेवतात का कुणाला?"

दारात पालिकेच्या तपासनीस बाई होत्या. हातातल्या पाटीला चिमट्याने अर्ज लावलेला. तो अर्ज बायकोनेच केला होता. घरासमोरची एका गाडीपुरती जागा मास्तरांसाठी राखून ठेवावी, पट्टे मारून, पाटी लावून. बस्स, एवढंच मागणं.

गंमत बघा. पस्तीस वर्षं मास्तरांनी लोकांना गाडी शिकवली. क्लच कशाशी खातात हे या गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांच्याकडूनच कळलं. आता त्या सगळ्यांनी गाड्या घेतल्या होत्या, आणि एवढ्याशा फटीत गाडी कशी घालायची हेही मास्तरांनीच त्यांना शिकवलं होतं. तेव्हा मास्तरांच्या दारासमोर जागा उरणार कुठून?

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून गाडी बायको चालवायची. आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं, परत येऊन पार कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीपुढे गाडी लावायची, आणि तिथून मास्तरांचा भार खांद्यावर घेऊन घर गाठायचं. गेल्या महिन्यात दोघंही फुटपाथवर आडवी झाली. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही, कारण ते तिच्यावर पडले. तिचा डावा हात मात्र त्या दिवसापासून वर जात नव्हता. ती कुणाला काही बोलली नाही. वरच्या फळीवरचे डबे तेवढे तिने गुपचूप खालच्या फळीवर आणले.

"काका, फार त्रास देत नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "गेटपासून त्या खांबापर्यंत चालायचं. आधार न घेता, न थांबता चाळीस पावलं जमली, तर राखीव जागा देता येत नाही. नियमच आहे तसा. जमेल तेवढंच चाला."

"चला की," मास्तर म्हणाले.

त्यांचा तो आवाज बायकोने लगेच ओळखला. गेले आठ दिवस दुपारी ती पडलेली असताना बोळात पाय घासल्याचा आवाज यायचा. व्यायाम मनावर घेतलाय म्हणून ती खूश होती. आणि हे परीक्षेची तयारी करत होते! परीक्षक शेजारी बसला की पाठ ताठ ठेवायची, हात थरथरू द्यायचा नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे पस्तीस वर्षं पोरापोरींना सांगणारा माणूस. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, यापलीकडे त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

मास्तर निघाले. उजवा पाय अर्धवर्तुळ काढत पुढे यायचा, टेकायचा, की लगेच डावा. तपासनीस बाई शेजारून हळूच मोजत होत्या. विसाव्या पावलाला शर्ट पाठीला चिकटला. तिसाव्याला ओठ पांढरे पडले. बायको गेटशी उभी होती. थांबा हो, मेलं ते पास होणं, असं तिला ओरडावंसं वाटलं. पडू नका, असंही वाटलं.

"एकेचाळीस," तपासनीस बाई म्हणाल्या. "कमाल आहे काका!"

मास्तरांनी खांबाला हात लावला आणि मागे वळून बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता.

तपासनीस बाईंनी हाक मारली, "काकू, एक विचारायचं होतं. रोज असंच चालतात का?"

बायको खांबापर्यंत आली. नाही, एवढा एक शब्द बोलायचा होता. जागा मिळाली असती, खांदा सुटला असता. तिने मास्तरांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "जमतं त्यांना."

तपासनीस बाईंनी मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली.

"चला, सही आत बसून करू," मास्तर रुबाबात म्हणाले आणि घराकडे वळले. पण पाय उचलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला. आयत्या वेळी गाडी बंद पडावी तसा पाय तिथेच. ते कलले, तशी बायको सवयीने उजवीकडून आत घुसली आणि त्यांचा सगळा भार तिच्या डाव्या खांद्यावर आला.

"आई गं!"

तिने लगेच ओठ मिटले, पण शब्द निघून गेला होता.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"काही नाही हो. लचकलाय जरा."

"पडलो तेव्हापासून?"

खालच्या फळीवरचे डबे मास्तरांना रोज दिसत होते. का आणले, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी तिच्या खांद्यावरचा भार काढला आणि डावा हात बाजूला उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर टेकवला. गाडी त्यांच्याच एका शिष्याची होती, अगदी फुटपाथला समांतर लावलेली.

"मॅडम, काय लिहिलंत?"

"जागेची आवश्यकता नाही, असं. का हो?"

"खोडा ते." मास्तर म्हणाले. "आठ दिवस घोकून आलो होतो मी. परतीचं एक पाऊल जमत नाहीये. ही बोलायची नाही. तिने अजून काय काय सांगितलेलं नाही, देव जाणे. मला नापास करा."

तपासनीस बाईंचं पेन तसंच थांबलं. बायको मान खाली घालून काठी आणायला निघाली.

"तू नको," मास्तर म्हणाले. "तू उभी राहा इथे. मॅडम, काठी दारामागे आहे. जरा आणता?"