चव बघणारं माणूस

बरणी परातीत उपडी केली तसं कौशल्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिखटानं आलं, उगाच दुसरा अर्थ काढायला नको. आवकाय, म्हणजे कैरीचं तेलुगू लोणचं, घातल्यावर तिसऱ्या दिवशी बरणीचं फडकं सोडलं की मिरची, मोहरी आणि लसूण तिघं मिळून नाकावर चालून येतात. भल्याभल्यांचं तिथं काही चालत नाही. त्यांनी पदरानं डोळे टिपले, पोलक्याची बाही वर सारली आणि उजवा हात मनगटापर्यंत परातीत घातला.

सव्वीस उन्हाळे झाले, या परातीत त्यांचा हात कधी गेला नव्हता. कैरीच्या फोडी एकेक करून कोरड्या पुसायच्या, कोयीला चिकटलेला पापुद्रा काढायचा, मोहरी उन्हात टाकून कुटायची, लसूण सोलून सोलून नखं हुळहुळी करून घ्यायची, ही सगळी हमाली त्यांची. कालवायचं मात्र भूमक्कानं.

भूमक्का म्हणजे शेजारीण. आदिलाबादजवळच्या मावल्याच्या या कॉलनीत दोघींची घरं एकाच वर्षी उभी राहिली, मधली भिंत दोघींत एक. कौशल्याबाई तामसी गावाकडच्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन वाढलेल्या. तिखटाची आपल्याला सवय आहे असा त्यांचा समज होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मोठ्या हौसेनं कैरीचं गोड लोणचं, गुळाचं रायतं, करून शेजारी वाटीभर नेऊन दिलं. भूमक्कानं बोट लावून चाटलं, हे लोणचं नव्हे, हे लहान मुलांचं औषध आहे, असं तेलुगूत सुनावलं, आणि यांचा दंड धरून यांना स्वतःच्या ओट्यावर नेलं. त्या दिवशी पहिली आवकाय झाली. दोन्ही घरांची एकाच परातीत.

बाई बोलायला फटकळ. गोंगुऱ्याची पच्चडी, म्हणजे अंबाडीची चटणी, शिकवताना तिनं कौशल्याबाईंना तीनदा रडवलं असेल. यांनी आपल्या सवयीनं अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घातल्या, तर हे गुरांचं आंबोण कुणासाठी रांधलंस म्हणाली. रागवायची ती सगळी तेलुगूत. मराठी तिनं फक्त भाजीवाल्याशी घासाघीस करायला राखून ठेवलेली. आणि एखादा पदार्थ फर्मास जमला, तर? तर भूमक्का गप. खाली मान घालून जेवायची, ताट स्वच्छ करायची, उठून जायची. सव्वीस वर्षांत तिच्या तोंडून ‘छान’ हा शब्द कुणी ऐकला नाही. सुधाकरराव, म्हणजे कौशल्याबाईंचे यजमान, होते तेव्हा हसायचे. म्हणायचे, "शेजारीन गप बसली की समजावं, आज जेवण झकास झालं."

सुधाकरराव गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगा राजकुमार पुण्यात. त्याला आणि त्याच्या बायकोला तिखट सोसत नाही. मागच्या दिवाळीनंतर भूमक्काचेही यजमान गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तिला हनमकोंड्याला घेऊन गेला. चांगला मुलगा आहे. आई एकटी कशी राहणार, म्हणाला. कौशल्याबाईंना तसं कुणी काही विचारलं नाही. भिंतीपलीकडच्या घराला कुलूप लागलं.

परातीत हात फिरवता फिरवता त्या थबकल्या. आता चव बघायला हवी होती.

भूमक्काचा कायदाच होता. ज्याचा हात परातीत, त्यानं चव बघायची नाही. परातीतला हात तोंडाला लागला की लोणच्याला बुरशी धरते, असं तिची आई सांगायची. म्हणून ती एक फोड उचलून कौशल्याबाईंच्या तळव्यावर टाकायची आणि भुवई उडवायची.

"उप्पू?" म्हणजे मीठ?

"अर्धी मूठ अजून."

पुन्हा हात फिरायचा, पुन्हा फोड.

"आता?"

"आता बास."

की झालं. त्यावर भूमक्का एक अक्षर बोलायची नाही. जगात एवढ्या एकाच बाबतीत ती दुसऱ्याचं ऐकायची. हात तिचा आणि जीभ कौशल्याबाईंची, असं ते लोणचं सव्वीस वर्षं टिकलं होतं.

कौशल्याबाईंनी दारात येऊन जिन्याकडे तोंड करून हाक मारली. वरच्या खोलीत प्रणिता राहत होती, बँकेत नोकरीला. ती ओले केस टॉवेलात गुंडाळून चार पायऱ्या खाली आली.

"बाई, जरा एवढी फोड चाखून सांगतं का? मिठाचं."

प्रणितानं त्यांच्या लाल मनगटाकडे पाहिलं. "काकू, नको हो. मला ऍसिडिटी होते. आणि एवढ्या सकाळी?"

"नखाएवढी."

"मला कळतही नाही त्यातलं. तुम्हीच बघा ना."

"माहा हात परातीत हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. पण हे काय उत्तर झालं ते त्या पोरीला कसं कळावं? ती हसली, ऑफिसला उशीर होतोय म्हणाली आणि वर गेली.

त्या परत येऊन पाटावर बसल्या. घर अगदी शांत होतं. इतकं शांत की परातीत तेल सुटल्याचं ऐकू येईल असं त्यांना वाटलं. मग त्यांनी डाव्या हातानं चमचा घेतला, एक फोड उचलून वाटीत ठेवली, वाटीतून तोंडात टाकली. कायदा मोडला म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

त्यांनी डोळे मिटले. आंबट आधी आलं, मग तिखट, मग मोहरीची ती टाळूत चढणारी झिणझिण. आणि सगळ्यांच्या मागून, जिथं यावं तिथंच, मीठ.

मीठ बरोबर होतं. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. लोणचं अव्वल झालं होतं, भूमक्काच्या हाताइतकं. त्यांना रडूच आलं. या वेळी तिखटानं नव्हे.

आता भूमक्काला बरणी पाठवायची. ती उघडणार, खाणार आणि गप बसणार.

तसंच झालं होतं संक्रांतीला. कौशल्याबाईंनी दोन दिवस खपून सकिनालू केल्या होत्या, तांदळाच्या पिठाच्या, तीळ घालून, भूमक्कानंच हाताचं वळण शिकवलेल्या. बसच्या पार्सलनं डबा पाठवला. भूमक्काचा जुना फोन बंद पडलेला, म्हणून सुनेच्या फोनवर कळवलं. सुनेनं डब्याचा फोटो आणि हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पुढं दोनदा फोन केला, तर सूनच गोड आवाजात बोलली. अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, बऱ्या आहेत, अत्तम्मा जेवल्या, अत्तम्मा झोपल्या. एकदा मागं लागल्यावर भूमक्काला फोन दिला. ती म्हणाली, बरी आहे, तू बरी आहेस ना, ठेवते. एवढंच. सकिनालू कशा झाल्या होत्या ते नाहीच. म्हणजे चांगल्या झाल्या होत्या.

कौशल्याबाई उठल्या. अर्धी आवकाय काढून आपल्या बरणीत भरली, वर तेल सोडलं, फडकं बांधलं. उरलेली अर्धी हनमकोंड्याची. मिठाचा डबा त्यांनी जवळ ओढला, मूठभर मीठ घेतलं आणि परातीत टाकलं. थांबल्या. अजून एक मूठ टाकली. सव्वीस वर्षं ज्या जिभेनं मीठ राखलं तिच्याशी ही बेइमानी होती, हे खोटं नाही. पण त्यांनी नीट, खालपासून वर कालवलं आणि ती आवकाय प्लास्टिकच्या बरणीत दाबून भरली.

परातीला लागलेल्या मसाल्यात गरम भात कालवून मुद्दे, म्हणजे भाताचे गोळे, करायचे, हातावर द्यायचे, ही तिसऱ्या दिवसाची चाल. चार माणसांचे आठ मुद्दे व्हायचे. त्यांनी वाटीभर भात घातला, दोन मुद्दे केले आणि खाल्ले. इतका खारट झाला होता की तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

दुपारी आदिलाबादच्या बसस्टँडवर पार्सलच्या खिडकीपाशी त्यांनी पत्ता दोनदा वाचून घेतला.

"क्या है इसमें अम्मा? तेल सांडणार नाही ना?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"नाई सांडत. सव्वीस वर्साचा हात हाय."

घरी येताना मात्र मनाला टोचणी लागली. आपण हे काय करून बसलो? दोन मुठी. अन्नाची नासाडी ती नासाडी, वर सुनेपुढं भूमक्काची मान खाली. तुमच्या मैत्रिणीला लोणचं येत नाही वाटतं, असं ती सून म्हणाली म्हणजे? रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बरणी पोचल्याचा फोटो आला, हात जोडल्याचं चित्र आलं. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. फोन त्या न्हाणीपर्यंत बरोबर नेत होत्या.

पाचव्या दिवशी, भाकरी तव्यावर असताना, फोन वाजला. सुनेचाच नंबर. पण आवाज भूमक्काचा होता.

"कौसल्या. आवकाय चाला बागुंदी." खूप छान झालं.

कौशल्याबाईंनी गॅस बंद केला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"सरिपोयिंदी," भूमक्का तेलुगूतच म्हणाली, एखाद्या लग्नघरी पाहुणीनं बोलावं तशा आवाजात. "अगदी बरोबर. घरात सगळ्यांना आवडलं. तुझ्या हाताला गुण आहे."

सव्वीस वर्षं वाट पाहिलेले शब्द होते ते. आपली भूमक्का मेली असं कौशल्याबाईंच्या मनात आलं. जिवंत बाईबद्दल असलं काही मनात आणू नये, तरी आलं. इतकं खारट लोणचं खाऊन जी बाई छान म्हणते ती भूमक्का नव्हेच. तिकडं कुठंतरी टीव्ही चालू होता.

"अक्का," त्या म्हणाल्या, "खरं सांगा ना."

मग भूमक्का बोलली. आवाज तोच, मधात घोळलेला. पण भाषा मराठी, भाजीवाल्याची.

"सून इथं समोर बसली हाय. फोन स्पीकरवर हाय, सगळ्याले ऐकू येते. तिले मराठी येत नाई. मी हसून बोलते, तू ऐक."

"बोला."

"पहिल्या आठवड्यात मी बोलली, चारूत, तुमच्या सारात, चिंच कमी हाय. पोरगा बोलला, अम्मा, इथं असं काही बोलू नको. तवापासून मी बोलत नाई. काहीच बोलत नाई, कौसल्या. सहा महिने झाले. जेवते आन बागुंदी म्हणते."

कौशल्याबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला.

"आता हे सांग," भूमक्काचा आवाज आणखी गोड झाला. "तुझी जीभ कवा चुकत नाई. इतका मीठ पडला कसा?"

"मीच टाकलं. दोन मुठी."

"काऊन?"

"तुमी काईच बोलत नाई म्हून." कौशल्याबाईंनी एका दमात पुढचंही सांगून टाकलं. "चांगलं झालं असतं तर तुमी गपच बसल्या असत्या."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. सुनेनं काहीतरी विचारलं. भूमक्कानं तिला तेलुगूत सांगितलं की कौसल्या रेसिपी सांगते आहे. मग एक लांब श्वास, आणि त्याच हसऱ्या, पाहुण्यांच्या आवाजात तिनं सुरुवात केली.

"गाढवी. म्हातारी झाली तरी अक्कल नाई आली तुले. असला लोणचा कोनी बैलाले पण देत नाई. माझा नातू एक फोड खाल्ला आन घागरभर पाणी पिला. सव्वीस वर्सं शिकवली मी, सगळी पाण्यात घातली. इतकी चांगली कैरी, इतका चांगला तेल, आन तू त्याची माती केली. थांब, अजून सांगते."

तव्यावरची भाकरी एका अंगानं कडक होऊन गेली होती. कौशल्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"आन मोहरी, अक्का?" त्यांनी विचारलं. "मोहरी बरी कुटली होती का मी?"

"मोहरीचं मागून," भूमक्का म्हणाली. "पहिले मिठाचं होऊ दे."