आतली कडी

रहमतबीनं दाभणात नवा दोरा ओवला, गादीच्या शेवटच्या कोपऱ्याला टाका घातला आणि गाठ न मारता तशीच बसून राहिली. गाठ मारली की गादी झाली. गादी झाली की ती वर न्यायची, आणि वर म्हणजे समोरच्या त्या पिवळ्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर. गेल्या पंधरा दिवसांत याच होस्टेलातल्या पोरींसाठी तिनं साठेक गाद्या शिवल्या होत्या. एकाही गादीला इतका वेळ लागला नव्हता. पण ही गादी तिच्या स्वतःच्या पोरीची होती.

"ठरलं का बाई?" गाड्याच्या सावलीत ट्रंकेवर बसलेल्या मडिवाळप्पानं विचारलं.

सकाळपासून हे चौथ्यांदा. हा गृहस्थ उदगीरकडचा. त्याच्या पोरीचं नाव खाटेसाठी थांबलेल्यांच्या यादीत पहिलं होतं. रहमतबीच्या अलीझानं पाच वाजेपर्यंत खाट घेतली नाही, तर ती खाट त्याच्या पोरीला मिळणार होती. माणूस वाईट नव्हता. सकाळी त्यानंच रहमतबीला चहा आणून दिला होता. पण उरावर बसून सारखं विचारणाऱ्याचा चहा तरी काय गोड लागणार!

"ठरंल," ती म्हणाली.

गाडा म्हणजे त्यांचं घर. ट्रॉलीच्या जुन्या आसावर फळ्यांचा तळ, वर पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या आणि मागं एक दार. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. पुढं जीप जोडली की घर चालायला लागायचं. तिचा नवरा लालमहंमद पिंजारी. कापूस पिंजायचं मशीन जीपमध्ये, संसार मागं, आणि अलीझाची कंधारची शाळा सांभाळून वर्षाचा फेरा ठरलेला. नवरात्रात माहूर, लग्नसराईत नांदेड, जून लागला की लातूर. जूनमध्ये अख्ख्या मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडतात, आणि डॉक्टर व्हायचं असलं तरी रात्री पाठ टेकायला गादी लागतेच. लोक म्हणायचे, पिंजाऱ्यानं नशीब काढलं.

नशीब कसलं! हा गाडा भूकंपानं दिला. त्र्याण्णवच्या त्या पहाटे लालमहंमद कापसासाठी नांदेडला गेला होता आणि रहमतबी लोटा घेऊन रानात. घरात त्यांची थोरली, आठ वर्षांची नसीमा एकटी. पोरीला अंधाराचं भ्या, तिनं आतून कडी लावून घेतली. रहमतबी पळत आली तेव्हा जमीन हलून थांबली होती. भिंती बसल्या होत्या, पण दाराची चौकट वाकडी होऊन तशीच उभी होती आणि कडी तिच्यात रुतली होती. आतून नसीमा अम्मा म्हणून हाका मारत होती. रहमतबीनं ते दार नखांनी ओढलं, डोक्यानं ढकललं. मग हाका थांबल्या. पुढं लोकांनी समजावलं, की वरून अख्खं माळवद आलं होतं, कडी नसती तरी काय झालं असतं. पण लोकांनी काही त्या हाका ऐकल्या नव्हत्या.

सरकारनं नंतर घर बांधून दिलं. रहमतबीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. शेवटी घर दिराला गेलं आणि लालमहंमदनं हा गाडा बनवला. त्याच्या दाराला कडी बसवायला तो खिळे घेऊन उभा राहिला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला. वीस वर्षं होत आली, गाड्याचं दार नुसतं लोटलेलं. ती लग्नाला गेली तरी मांडवातूनच परत यायची. गाद्या शिवायची ती, जिने चढून पोचवायचा लालमहंमद.

आणि आता ही अलीझा. सोळा वर्षांची, गाड्यातच जन्मलेली, दहावीला कंधार तालुक्यात दुसरी. तिला लातूरचं कॉलेज हवं, क्लास हवा, होस्टेल हवं. बाप तिच्या बाजूचा. रहमतबी महिनाभर कुढली, शेवटी एका अटीवर हो म्हणाली. आज सकाळी तिनं होस्टेलच्या रेक्टरबाईंना, जगदेवी मॅडमना, फाटकापाशी बोलावून घेतलं आणि ती अट सांगितली. तीनशे चार नंबरच्या खोलीची आतली कडी काढून टाका.

मॅडम आधी हसल्या. मग ही बाई थट्टा करत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी शांतपणे नाही म्हणून सांगितलं. सव्वाशे पोरी इथं राहतात, त्यांच्या आईबापांना मी दारं बंद होतात असं सांगून पोरी घेतल्यात, म्हणाल्या. खाट हवी असेल तर पाचच्या आत कळवा.

"कडी असंल तर न्हाई," रहमतबी सगळ्यांदेखत म्हणाली होती. "कंधारलाबी कॉलेज हाय."

अलीझा तेव्हा नुसतं "बरं" म्हणाली आणि सोडलेली पुस्तकं परत दोरीनं बांधायला बसली. रडली असती, भांडली असती तर रहमतबीला बरं वाटलं असतं. ते "बरं" मात्र तिला टोचत राहिलं. लालमहंमदनं मशीन बंद केलं, बायकोकडं पाहिलं, आणि पुन्हा चालू केलं. तेही तिला लागलं.

आता चार वाजून गेले होते. रहमतबीनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि उठून जीपच्या सीटखालचा पेचकस काढला. मॅडम कडी काढणार नाहीत ना, मग आपणच काढायची. चार स्क्रू तर असतील. पोरीचं शिक्षण होईल, आणि आपल्याला रात्री डोळा तरी लागेल. कडी गेल्याचं मॅडमना कळेल तेव्हा कळेल, होस्टेलात काय वस्तू हरवत नाहीत? तिनं पेचकस गादीत घालून गादी गुंडाळली आणि नवऱ्याला सांगितलं, की पोरीला घेऊन ऑफिसात जा, फॉर्म भरा. गादी मी नेते.

लालमहंमदनं मशीन बंद केलं.

"वर? तू?"

"मीच."

अलीझा बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून रहमतबीला वाटलं, देवानं आणखी दहा मजले दिले तरी चढेन. मडिवाळप्पा ट्रंकेवरून उठला. त्याला तिनं सांगितलं, भाऊ, तुमी दुसरीकडं बघा आता. तो बिचारा ट्रंक उचलून चालू लागला.

पहिला जिना ती नुसत्या हट्टावर चढली. दुसऱ्या जिन्यावर भिंती जवळ आल्यासारखं वाटलं, म्हणून ती पायरीकडं बघत राहिली आणि पायऱ्या मोजू लागली. अकराव्या पायरीवर तिच्या तळपायांना थरथर लागली. बारीक, खालून येणारी. तिनं गादी सोडली आणि कठडा दोन्ही हातांनी धरला. खाली पळावं तर पाय उचलत नव्हते. एक पोरगी बादली घेऊन वरून येत होती, ती थांबली आणि म्हणाली, मावशी, भिऊ नका, पाण्याची मोटर लावलीये, रोज चार वाजता लावतात. मग तिनंच गादी उचलून रहमतबीच्या डोक्यावर ठेवली. मोटर म्हणे! रहमतबीच्या घामानं पदर भिजला होता. तिसरा जिना ती कसा चढली हे तिला नंतर आठवलं नाही.

तीनशे चारमध्ये कुणी नव्हतं. तीन खाटा, दोन भरलेल्या, एक रिकामी. तिनं दार लावून घेतलं नाही, नुसतं लोटलं. कडी बोटाएवढी जाड, नवी, चकचकीत. रहमतबी तिच्यापुढं उभी राहिली आणि तिला संताप आला, जिवंत माणसाचा यावा तसा. पहिला स्क्रू हट्टी निघाला. दुसरा आणि तिसरा निघाले. चौथा काढताना तिनं एवढा जोर लावला की लाकडाचं भोकच मोठं झालं. कडी तिच्या हातात आली. ती रिकाम्या खाटेवर बसली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला धड श्वास आला.

तेवढ्यात दार उघडून अलीझा आत आली. फॉर्म भरून झाला होता, ती पळतच जिने चढली होती.

"अम्मा, तू खरंच..." म्हणता म्हणता तिची नजर आईच्या मांडीवर गेली. मग दाराकडं.

रहमतबी गडबडीनं बोलत सुटली. कुणाला सांगू नको, मॅडमनी विचारलं तर आपल्याला माहीत न्हाई म्हणायचं, आता तू खुशाल राहा, माझी काही ना न्हाई. बोलताना ती हसतसुद्धा होती. अलीझा हसली नाही. तिनं दार लोटलं, त्याला पाठ लावून खाली बसली आणि गुडघे जवळ घेतले.

"ती परत बसव, अम्मा."

"अगं, पण आता..."

"मला कडी पायजे."

अशी आवाज न चढवता हट्ट धरणारी अलीझा रहमतबीनं कधी बघितली नव्हती. पोरगी जमिनीकडं बघत सांगू लागली. माहूरला, गेल्याच्या गेल्या नवरात्रात, दुपारची वेळ. अब्बा मशीनवर होते, तू गिऱ्हाइकाशी भाव करत होतीस. मी गाड्यात कपडे बदलत होते. एका माणसानं दार उघडलं. गादी केवढ्याला, म्हणून विचारलं. मी जा म्हणाले तरी गेला नाही, तसाच बघत उभा राहिला. मी गोधडी ओढून घेतली तरी उभाच. कुणीतरी त्याला हाक मारली तेव्हा गेला.

"तवापासून मी दाराला पाठ लावूनच कपडे बदलते. झोपतेबी तिथंच."

रहमतबीच्या कानशिलात घण बसल्यासारखं झालं. दोन वर्षं ती रोज बघत होती, की पोरगी दाराला टेकून बसते, दाराला टेकून वाचते, दारापाशीच अंथरूण टाकते. तिला वाटायचं, पोरीला आपल्यासारखीच भीती आहे. वेळ आली तर आधी बाहेर पडता यावं म्हणून दार धरून राहते. मनातल्या मनात तिला त्याचं बरंही वाटायचं. शहाणी आहे माझी अलीझा, असं तिनं एकदा जावेला सांगितलंही होतं.

"मला का न्हाई सांगितलंस?"

अलीझानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

"सांगितलं असतं तर तू कडी लावली असतीस?"

रहमतबीनं तोंड उघडलं. लावली असती, असं म्हणायला काही लागत नव्हतं, कुठलीही आई म्हणाली असती. पण खोटं बोलायला तिची जीभ वळेना. खाली मोटर बंद झाली. बाहेर कुणीतरी कुणाला तरी जेवणाच्या डब्याबद्दल विचारत होतं. रहमतबी खाटेवरून उठली.

"सरक," ती म्हणाली.

अलीझा बाजूला झाली. रहमतबीनं कडी जागेवर धरली आणि तीन स्क्रू पिळले. चौथा मोठ्या झालेल्या भोकात नुसताच फिरायला लागला. तिनं गादीच्या कोपऱ्याचा आपणच घातलेला टाका उसवला, चिमूटभर कापूस काढला, थुंकी लावून त्याचा पीळ केला आणि पेचकसाच्या टोकानं भोकात ठासून भरला. मग स्क्रू बसवला. पेचकस दोनदा घसरला आणि तिचं बोट सोललं. अलीझा मदतीला पुढं झाली, तिला तिनं मानेनंच नको म्हणून सांगितलं. कडी दोनदा सरकवून बघितली, पेचकस कमरेला खोचला आणि ती खोलीबाहेर गेली.

"लाव," बाहेरून ती म्हणाली.

आतून काहीच झालं नाही.

"लाव म्हणते ना!"

कडी सरकल्याचा आवाज आला. रहमतबीनं दाराला आधी हात लावला, मग खांदा लावला आणि सगळ्या अंगानं ढकललं. दार हललं नाही. तिनं दोन पावलं मागं जाऊन पुन्हा ढकललं, एवढ्या जोरानं, की शेजारच्या खोलीतून एक डोकं बाहेर आलं आणि आत गेलं. दार तसंच. आत तिची पोर होती, मध्ये बंद दार होतं, आणि ते तिनंच आपल्या हातानं बंद होण्याजोगं केलं होतं.

"अम्मा?" आतून अलीझा म्हणाली. "अम्मा, गेलीस का?"

रहमतबीनं कपाळ दाराला टेकलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कपडे बदलून घे, बेटा. मी उभी हाय."